जोडधंदा म्हणून ग्रुप टूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी किंवा दुसरा व्यवसाय सांभाळून ग्रुप टूर काढणाऱ्यांकडून, आणि काढू की नको या विचारात अडकलेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हिशोबाच्या उदाहरणांत चलन लिहिलेलं नाही. आकडे तुमच्या चलनात वाचा. कायदे देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे इथले नियम नमुन्यादाखल घ्या आणि आपल्या देशातला नियम बघितल्याशिवाय कुणाचाही पैसा हातात घेऊ नका.

१. मित्रांची सहल मीच आखतो. ग्रुप टूरचा धंदा याहून वेगळा कसा?

मित्रांच्या सहलीत हॉटेल भिकार निघालं तर सगळे मिळून हसतात. पैसे घेतले की त्याच हॉटेलबद्दल जाब तुम्हाला विचारला जातो. फरक एवढाच, पण तो सगळीकडे पोचतो.

प्रत्यक्ष काम बहुतांशी टेबलावरचं आहे: मार्ग ठरवणं, तीन-चार ठिकाणांहून दर मागवणं, किंमत काढणं, माणसं जमवणं, हप्ते वसूल करणं, पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का ते अक्षर-अक्षर बघणं, खोल्यांची यादी हॉटेलला पाठवणं. फिरण्याची हौस असलेल्यांपेक्षा यादी नीट ठेवणारी माणसं यात टिकतात, हे माझं मत.

जोडधंदा म्हणून सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही. इंग्लंडमधले थॉमस कुक, ज्यांच्या नावाने पुढे मोठी टूर कंपनी चालली, हे पेशाने सुतारकाम करणारे आणि दारूबंदीचे प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसं रेल्वेने एका सभेसाठी नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. नफ्यासाठी काढलेली त्यांची पहिली सहल त्यानंतर, १८४५ सालची.

२. कमाई नेमकी कुठून होते?

तीन वाटा आहेत. पहिली कमिशन: क्रूझ कंपनी, हॉटेल किंवा मोठी टूर कंपनी तुम्ही आणलेल्या बुकिंगवर टक्केवारी देते. साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास बोलणी होतात. विमान कंपन्यांकडून मात्र फार आशा ठेवू नका. दुसरी मार्कअप: पुरवठादार तुम्हाला नेट रेट, म्हणजे कमिशन न धरलेला भाव, देतो, त्यावर तुम्ही तुमचा भाव लावता. तिसरी फी: आखणीचं काम करून द्यायचं, बुकिंग लोकांनी स्वतः करायचं.

कमिशनचा एक त्रास कुणी आधी सांगत नाही. ते बहुधा प्रवास पूर्ण झाल्यावर मिळतं. जानेवारीत बुक केलेल्या नोव्हेंबरच्या टूरचं कमिशन वर्षअखेरीस हातात पडतं, तोवर फोन आणि फेऱ्यांचा खर्च तुमचाच. एखाद्या होस्ट एजन्सीखाली काम केलंत तर तिचा वाटा आधी कापला जातो. बदल्यात तिचे परवाने, करार आणि बुकिंगची यंत्रणा तुम्हाला वापरायला मिळते, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला पहिली काही वर्षं तो सौदा सहसा परवडतो.

३. सुरुवात कुणापासून करावी? जाहिरात द्यावी का?

जाहिरात नंतर. आधी जमलेला ग्रुप शोधा. ट्रेकिंगचा गट, पक्षिनिरीक्षणाचा गट, योगवर्ग, भाषावर्ग, गायनवर्ग, निवृत्त सहकाऱ्यांचा कट्टा: इथली माणसं एकमेकांना ओळखतात आणि एका माणसाचं ऐकतात. त्या एका माणसाशी बोला. त्याने होकार दिला की निम्मी टूर भरली. त्याला काय द्यायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

अनोळखी लोकांची टूर भरायला वेळ लागतो, आणि प्रत्येकाला स्वतंत्र विश्वास द्यावा लागतो. तो अनुभव गाठीशी नसताना त्यात पडू नये.

४. किती माणसं असली की ग्रुप म्हणायचं?

कोण विचारतंय त्यावर आहे. विमान कंपन्या बहुतेक करून १० किंवा जास्त प्रवाशांना ग्रुप मानतात. क्रूझवर साधारण ८ केबिन, म्हणजे १६ माणसं. हॉटेलं बहुधा १० खोल्यांपासून वेगळा करार करतात, छोटी हॉटेलं त्याआधीही. अर्धवेळ काम करणाऱ्याला १२ ते २० माणसांचा ग्रुप झेपतो. त्यापुढे बस मोठी लागते, जेवणाला टेबलं मिळत नाहीत आणि सोबत दुसरा माणूस न्यावा लागतो.

५. माणशी किंमत कशी काढायची?

खर्च दोन रकान्यांत लिहा. एका रकान्यात माणसं कितीही आली तरी तेवढाच राहणारा खर्च: बस, गाइड, तुमचा स्वतःचा प्रवास आणि मुक्काम. दुसऱ्यात डोक्यामागे वाढणारा: हॉटेलची अर्धी खोली, जेवण, प्रवेश तिकिटं.

समजा चार दिवसांच्या टूरचा पहिला रकाना ८०,००० झाला आणि दुसरा माणशी ९,०००. नवखा माणूस बस भरेल असं धरतो. ३२ सीटमध्ये ८०,००० वाटले तर माणशी २,५००. खर्च ११,५००, त्यावर हजार टाकून भाव १२,५००. मग येतात १८ जण. प्रत्येकाकडून डोक्यामागचा खर्च वजा जाता ३,५०० उरले, एकूण ६३,०००. बस आणि गाइडचे ८०,००० तर द्यायचेच आहेत. १७,००० पदरचे गेले.

हाच हिशोब कमीत कमी १६ माणसं धरून करा. ८०,००० भागिले १६ म्हणजे ५,०००. खर्च १४,०००, भाव १६,०००. आता प्रत्येकामागे ७,००० सुटतात. ११ माणसांना ३,००० तोटा, १२ माणसांना ४,००० नफा, १६ ला ३२,०००, २० ला ६०,०००. बारा हा या टूरचा काठ. त्यापुढचा प्रत्येक माणूस पूर्ण ७,००० देऊन जातो. हा काठाचा आकडा बुकिंग सुरू करण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, कारण टूर चालवायची की रद्द करायची हे त्याच्यावरच ठरतं (प्रश्न ८).

पेमेंट गेटवेचं शुल्क लोक विसरतात. ते पूर्ण रकमेवर लागतं. १६,००० वर अडीच टक्के म्हणजे ४००, आणि १६ माणसांच्या टूरमध्ये तुमचा माणशी नफाच २,००० आहे. पाचवा हिस्सा तिथेच गेला. शिवाय पाच टक्के आकस्मिक खर्चाचे धरा. वापरले गेले नाहीत तर तुमचेच आहेत.

६. आयोजकाला एक सीट फुकट मिळते म्हणतात. खरं का?

बऱ्याचदा खरं. क्रूझवर साधारण १५ पैसे भरणाऱ्यांमागे एक जागा मोफत असते. हॉटेलं आणि टूर कंपन्या आपापलं प्रमाण ठरवतात. मात्र कर, बंदर शुल्क आणि टिप सहसा त्यातही भराव्या लागतात, आणि ती जागा ट्विन शेअरिंगमधली अर्धी असते. पूर्ण खोली हवी तर फरक भरा.

तिचा उपयोग तीन तऱ्हांनी होतो. स्वतः वापरलीत तर प्रश्न ५ मधला पहिला रकाना हलका होतो. ज्याच्या शब्दावर ग्रुप जमला त्याला देता येते. किंवा तिची किंमत सगळ्यांत वाटून भाव उतरवता येतो. दुसरा पर्याय मला जास्त पसंत आहे, फक्त ते ग्रुपला माहीत असू द्या. लपवलेली फुकट सीट टूरच्या तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर उघडी पडतेच.

७. एकट्याचं विमान तिकीट स्वस्त दिसतं आणि ग्रुपचं महाग. असं कसं?

विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. सगळ्यात स्वस्त गटात चारच सीट उरल्या असतील आणि तुम्ही एकदम नऊ मागितल्या, तर यंत्रणा सहसा नऊच्या नऊ ज्या गटात मिळतील त्याचा भाव सगळ्यांना लावते. बहुतेक संकेतस्थळांवर एका वेळी नऊपर्यंतच सीट मिळतात. दहाव्यासाठी ग्रुप विभागाकडे जावं लागतं.

तिथला भाव कदाचित जास्त असेल, पण त्यासोबत तीन गोष्टी मिळतात: भाव धरून ठेवता येतो, पूर्ण रक्कम नंतर भरता येते आणि नावं उशिरा देता येतात. माणसं अजून जमायची असतील तर हे मोलाचं आहे. ग्रुप आधीच पक्का असेल तर लहान लहान तुकड्यांत तिकिटं काढणं स्वस्त पडू शकतं. तोटा असा, की विमान चुकलं किंवा रद्द झालं तर वेगवेगळ्या बुकिंगची माणसं वेगवेगळ्या विमानांत जातील.

८. पुरेशी माणसं आली नाहीत तर टूर रद्द करता येते का?

येते, जर ते आधीच लेखी सांगितलं असेल तर. किमान संख्या आणि निर्णयाची तारीख, दोन्ही माहितीपत्रकात छापा. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशात (तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला) यासाठी ठरलेल्या मुदती आहेत: सहा दिवसांहून मोठी टूर असेल तर सुरुवातीच्या किमान २० दिवस आधी कळवायचं, दोन ते सहा दिवसांची असेल तर ७ दिवस, त्याहून छोटी असेल तर ४८ तास. पैसे पूर्ण परत. तुमच्या देशात असा नियम नसला तरी ही मुदत चांगला नमुना आहे.

व्यवहारात निर्णयाची तारीख त्याहून बरीच आधी येते, कारण हॉटेल आणि विमान कंपनी तोवर थांबत नाहीत. काठाच्या खाली एकदोन माणसं असताना ‘येतील की’ म्हणून टूर पक्की करण्याचा मोह होतो. करू नये. अशा वेळी ग्रुपला खरी स्थिती सांगा: दोघं कमी आहेत, अमुक तारखेपर्यंत मिळाले तर जाऊ. बहुतेकदा ग्रुपच दोघं शोधून आणतो.

९. ॲडव्हान्स किती आणि हप्ते कधी घ्यायचे?

रकमेपेक्षा तारखांचा क्रम महत्त्वाचा. आधी पुरवठादारांच्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहा: हॉटेलला टोकन कधी, जास्तीच्या खोल्या बिनदंड सोडायची शेवटची तारीख कोणती, विमानाची पूर्ण रक्कम कधी, नावं कधी. मग लोकांच्या हप्त्याची तारीख प्रत्येक वेळी त्याआधी आठ-दहा दिवस ठेवा. हॉटेल १५ तारखेला मागत असेल तर लोकांना ५ तारीख सांगा. सहा तारखेला तिघांचे पैसे आलेले नसतात, आणि मधले दिवस त्यांच्यासाठी असतात.

टोकन रक्कम इतकी असावी की देणाऱ्याने ती विसरू नये, आणि तुमच्या परत न मिळणाऱ्या खर्चाइतकी तरी असावी. ‘सीट धरून ठेवा, पैसे पुढच्या महिन्यात देतो’ याला माझं उत्तर ठरलेलं असतं: यादीत नाव पैशाच्या क्रमाने लागतं.

१०. लोकांचे पैसे माझ्या पगाराच्या खात्यात घेतले तर चालतील का?

नको. वेगळं खातं उघडा. पहिल्या टूरपासून उघडा. प्रवास होईपर्यंत ते पैसे तुमचे नसतात, आणि घरचा हप्ता त्याच खात्यातून कापला जात असेल तर हे महिनाभरात विसरायला होतं. कॅलिफोर्नियात प्रवास विकणाऱ्यांसाठी विश्वस्त खात्याचा नियमच आहे, इतका हा धोका जुना आहे.

यापेक्षाही मोठा धोका पुढच्या टूरच्या ॲडव्हान्समधून आधीच्या टूरचं बिल भागवण्याचा. टूर भरत असतात तोवर ते खपतं. एक टूर रद्द झाली की दोन टूरचे पैसे एकदम कमी पडतात. प्रत्येक टूरचा हिशोब स्वतंत्र ठेवा आणि आपला नफा टूर परत आल्यावरच काढा.

११. परवाना लागतो का? मी तर फक्त खर्च वाटून घेतो.

‘फक्त खर्च वाटून’ याचा अर्थ नफा नाही, कायमचा उद्योग नाही आणि दार सगळ्यांना उघडं नाही. वर सांगितलेल्या युरोपीय निर्देशात अशाच सहली वगळल्या आहेत: अधूनमधून, नफ्याशिवाय, मर्यादित गटासाठी. जोडधंदा करायला निघालात म्हणजे पहिल्याच अटीत तुम्ही बाहेर पडलात.

देशोदेशी चित्र असं आहे. युरोपात प्रवास, मुक्काम, गाडी अशा दोन वेगळ्या सेवा एका सहलीसाठी जोडून विकल्या की ते पॅकेज ठरतं, आणि आयोजक बुडाल्यास लोकांचे पैसे सुरक्षित राहतील अशी तरतूद त्याला करावी लागते. ब्रिटनमध्ये विमानासह पॅकेज विकायला १९७३ पासूनची अटोल ही योजना आहे, कंपनी बुडाल्यास प्रवाशांना संरक्षण देणारी. अमेरिकेत कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत नोंदणी लागते, बाकी अनेक राज्यांत नाही. जपानमध्ये नोंदणी आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली जबाबदार व्यक्ती, दोन्ही लागतात. भारतात परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२० पासून ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा कर, गोळा करून भरावा लागतो. त्याचे दर मध्ये बदलले आहेत, चालू दर सल्लागाराकडून घ्या.

हे सगळं जड वाटत असेल तर मधला मार्ग आहे: पॅकेज परवानाधारक कंपनीने विकायचं, पावती तिचीच, आणि तुम्ही ग्रुप आणून कमिशन घ्यायचं. नफा कमी, झोप चांगली.

१२. नोकरी करतो. मालकाला सांगावं लागेल का?

नेमणुकीच्या करारात दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. अनेक ठिकाणी लेखी परवानगी लागते. ऑफिसच्या ईमेलवरून किंवा कामाच्या वेळात बुकिंगची कामं करू नका. सहकाऱ्यांचा ग्रुप नेत असाल तर हाताखालच्या माणसांना आग्रह करू नका. साहेबाच्या टूरला नाही म्हणणं कुणाला सोपं नसतं.

१३. प्रत्येक टूरला मी सोबत जायलाच हवं का?

नाही. जोडधंदा पुढे वाढतो तो बहुतेक न जाताच. स्थानिक संयोजक कंपनी, म्हणजे डीएमसी, गाइड आणि बस पुरवते. तुम्ही फोनवर असता. पण नव्या मार्गाची पहिली टूर स्वतः करावी. जात नसाल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण ओळखीचे लोक तुमच्याकडे बघून पैसे देतात आणि स्टेशनवर तुम्हाला शोधतात.

१४. एकटी येणारी माणसं जास्त पैसे का द्यावे म्हणून भांडतात. काय सांगायचं?

खोलीचं भाडं खोलीचं असतं, डोक्याचं नसतं, हे आकड्यासकट दाखवा. खोली ८,००० ची असेल तर दोघांत ४,०००. एकट्याला उरलेले ४,००० जास्त द्यावे लागतात. त्यावर स्वतःचा नफा चढवू नका, तिथेच लोक चिडतात.

जोडीदार शोधून देण्याचं आश्वासन देताना जपा. ‘मिळाला तर, नाही मिळाला तर फरक भरावा लागेल’ असं लेखी घ्या. जोडी लावण्याआधी तीन प्रश्न विचारा: घोरता का, किती वाजता उठता, एसी चालतो का. या तिन्हींवर जमलं की बाकी सगळं चालून जातं.

१५. ‘नेटवर हेच हॉटेल स्वस्तात दिसतंय’ असं म्हणतात तेव्हा?

कधीकधी खरंच स्वस्त असतं. वाद न घालता अटी शेजारी ठेवा: तो भाव परत न मिळणारा आहे का, नाश्ता धरलाय का, एकाच तारखेला दहा खोल्या त्या भावात मिळतात का. तरीही कमी निघाला तर हॉटेलला फोन करून भाव उतरवून घ्या; ग्रुपच्या करारात तशी सोय मागता येते. एकाला गुपचूप सूट मात्र देऊ नका. बसमध्ये शेजारी बसलेली माणसं पहिल्या तासात भाव विचारून घेतात.

१६. दिवसाचा कार्यक्रम किती भरायचा?

तुम्ही एकटे फिरताना जेवढं बघता त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. वीस माणसं बसमधून उतरायला, स्वच्छतागृहात जायला आणि परत मोजली जायला अर्धा तास सहज जातो. दिवसात असे चार थांबे घेतलेत तर दोन तास संपले, आणि अजून काही पाहिलेलं नाही.

चालकाचे तास हा कागदावर न दिसणारा अडथळा. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला ९ तास चालवणं (आठवड्यातून दोनदा १०) आणि रोज ११ तास सलग विश्रांती; ती ठरावीक वेळाच ९ तासांपर्यंत कमी करता येते. म्हणजे रात्री अकराला हॉटेलवर सोडणारा चालक सकाळी सातला निघूच शकत नाही. नियम नसलेल्या ठिकाणीही हेच गणित वापरा. थकलेल्या चालकाच्या मागे तुमची वीस माणसं बसलेली असतात.

१७. पासपोर्ट आणि व्हिसाची जबाबदारी कुणाची?

कागद प्रवाशाचे, आठवण तुमची. व्हिसा मिळेलच असं कधीही बोलू नका. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि साधारणपणे किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. तिथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट वैध हवा आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात, म्हणून बुकिंग घेतानाच पासपोर्टचं पहिलं पान मागवा आणि तारीख बघा.

ती पानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायला सांगू नका. प्रत्येकाने तुम्हाला स्वतंत्र पाठवावी, आणि काम झालं की ती पुसून टाका.

१८. विमा कुणाचा काढायचा?

दोन वेगळे विमे आहेत. प्रवाशाचा: आजारपण, रुग्णवाहतूक, रद्द झालेला प्रवास. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच. जिथे लागत नाही तिथेही माझ्या टूरला तो सक्तीचा असतो. दुसरा तुमचा: आखणीतल्या चुकीमुळे कुणी नुकसानभरपाई मागितली तर. तो बहुतेक जण काढत नाहीत. परवानगीशिवाय विमा विकणं अनेक देशांत चालत नाही, त्यामुळे लोकांना पर्याय दाखवा आणि पॉलिसी त्यांनाच घेऊ द्या. जुने आजार लपवले तर दावा फेटाळला जाऊ शकतो, हे ज्येष्ठांना तोंडी सांगा. फॉर्ममधली बारीक अक्षरं कुणी वाचत नाही.

१९. ऐनवेळी एकाने रद्द केलं आणि बदली माणूस आणतो म्हणाला. घ्यायचा का?

घ्या, पण आधी विमानाचं बघा. तिकीट निघाल्यावर नाव बदलणं बऱ्याच कंपन्यांत अशक्य किंवा महाग असतं. बस आणि हॉटेलला सहसा फरक पडत नाही. युरोपीय निर्देशात प्रवाशाला निघण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवून आपली जागा दुसऱ्याला देण्याचा हक्क आहे. त्यामुळे वाढलेला खरा खर्च त्या दोघांनी द्यायचा. बदली नसेल तर रद्द करण्याचा तक्ता लागू, म्हणजे किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे परत याची यादी. तो तक्ता पुरवठादारांच्या तारखांवरून बनवलेला असेल (प्रश्न ९) तर ‘माझ्या हातात हे एवढंच परत येतं’ असं कागद दाखवून सांगता येतं. घरात कुणाचा मृत्यू झाला असेल तर तुमचा नफा सोडा, पुरवठादाराचा दंड सोडू नका. त्यासाठी विमा आहे.

२०. एक जण रोज उशिरा येतो, सगळे खोळंबतात. काय करावं?

पहिल्या संध्याकाळी, अजून कुणी उशीर केलेला नसताना, नियम सांगा: दहा मिनिटं थांबू, मग बस निघेल, पुढचा थांबा हा, तिथे स्वखर्चाने यायचं. नंतर सांगितलं तर ते एका माणसाला उद्देशून होतं. आणि एकदा तरी बस खरंच निघू द्या. ज्येष्ठ, लहान मुलं किंवा परकी भाषा असलेल्या ठिकाणी मात्र कुणालाही मागे सोडू नये. तिथे वेळच अर्धा तास आधीची सांगा.

२१. पैसे घेतल्यावर चलन घसरलं किंवा इंधन महागलं. भाव वाढवता येतो का?

करारात लिहिलं असेल तरच. युरोपात ही वाढ इंधन, कर-शुल्क आणि विनिमय दर एवढ्यांसाठीच, २० दिवस आधी कळवून करता येते. ८ टक्क्यांच्या वर गेली तर प्रवासी बिनदंड बाहेर पडू शकतो, आणि हेच खर्च कमी झाले तर भाव उतरवणंही बंधनकारक. छोट्या ग्रुपमध्ये भाव वाढवणं शेवटचा उपाय ठेवा. परकी चलनातली रक्कम लोकांचे पैसे जमताच भरून टाकली की बराच धोका संपतो, आणि उरलेल्यासाठी प्रश्न ५ मधले पाच टक्के आहेत.

२२. मी ज्या कंपनीला पैसे भरले तीच बुडाली तर?

मोठं नाव म्हणजे हमी नव्हे. थॉमस कुक यांच्या नावाची कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारी पातळीवर विमानं लावून त्यांना परत आणावं लागलं. अटोलसारखी योजना असल्याने अनेकांचे पैसे वाचले. तुमच्या देशात तसं काही नसेल तर सगळे पैसे एकाच पुरवठादाराकडे फार आधी देऊ नका, शक्य तिथे कार्डाने भरा म्हणजे बँकेकडे दाद मागता येते, आणि पावतीवर कुणाचं नाव आहे ते बघा. पावती तुमच्या नावाची असेल तर लोक तुमच्याच दारात येणार.

२३. आईवडिलांशिवाय मुलांचा ग्रुप नेऊ का?

पहिल्या वर्षी नको. दोन्ही पालकांची लेखी संमती, काही सीमांवर ती नोटरी केलेली, उपचारांसाठी संमतीपत्र, मुलांच्या संख्येला पुरेशी मोठी माणसं आणि त्यांची पार्श्वभूमी तपासलेली, एवढं सगळं लागतं. शाळेमार्फत गेलात तर यातलं बरंचसं शाळेकडे असतं.

२४. एक प्रवासी टूर अर्ध्यात सोडून गेला आणि उरलेल्या दिवसांचे पैसे मागतोय.

वापरलेल्या सेवेचे पैसे परत येत नाहीत, आणि अर्ध्यात सोडलेल्या खोलीचेही सहसा येत नाहीत. तरी लगेच नकार देऊ नका. हॉटेलला आणि पुढच्या प्रवेश तिकिटांना विचारा. जे परत आलं ते पावतीसकट त्याला द्या, बसचा आणि गाइडचा वाटा मात्र धरू नका, कारण तो खर्च पहिल्या रकान्यातला आहे (प्रश्न ५). तो निघाल्याची वेळ, कारण आणि ‘स्वतःच्या इच्छेने’ हे शब्द त्याच दिवशी त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. आजारपणाने गेला असेल तर डॉक्टरचा कागद विमा कंपनीसाठी लागतो, आणि तो परत आल्यावर मिळवणं फार अवघड असतं. गाइडला तिथल्या तिथेच घ्यायला सांगा.